ऋतू बदलला की घरातली माणसं का बदलतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रातली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. परदेशी गेलेल्या मंडळींचाही एक प्रश्न घेतला आहे, कारण तो हल्ली प्रत्येक दुसऱ्या घरात असतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ऋतूबरोबर घरात उजेड, झोप आणि काम बदलतं, आणि हे तिन्ही सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. कोण चिडतं आणि कोण गप्प होतं, ते बरंचसं यावर ठरतं. म्हणून खाली 'मूड'चा विषय निघाला की मी आधी झोपेची आणि कामाचीच चौकशी केलेली दिसेल.

हवेचा मनावर खरंच परिणाम होतो, की ती नुसती सबब असते?

होतो. मात्र एखाद्या दिवशी आभाळ भरून आलं म्हणून धडधाकट माणूस खचत नाही. परिणाम दिसतो तो एकच हवा बरेच दिवस टिकली की. पंधरा दिवस ऊन नाही, किंवा आठवडाभर रात्रीचा उकाडा हटत नाही, तेव्हा.

सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं झोपेचं आणि जागं होण्याचं घड्याळ रोज नव्याने लावलं जातं. भर उन्हात बाहेर साधारण एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर हजाराच्या पुढेच असतो. घरात ट्यूबलाइटखाली मात्र जेमतेम शंभर ते तीनशे. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते आणि डोळ्याचा पडदाही उजेडाशी जुळवून घेतो. शरीराच्या घड्याळाला तो कळतो. त्यामुळे पावसाळ्यात दिवसभर खिडक्या लावून घरात बसणाऱ्याला सकाळी आळस आणि रात्री टक्क जाग, असं होऊ शकतं.

सबबही असतेच. 'उकाड्याने डोकं फिरलं होतं' हे कारण खरं असलं तरी ज्याला बोलणी बसली त्याला ते पुरत नाही.

मृगाचा पहिला पाऊस सगळ्यांना आवडतो. मग जुलैअखेर घरात सगळे वैतागलेले का असतात?

पहिल्या पावसात आनंद पावसाचा असतो, त्याहून जास्त उकाडा संपल्याचा. मेअखेरची ती चिकचिक, घामोळं, अर्धवट झोप एका रात्रीत सरते. भजी तळली जातात, गॅलरीत खुर्च्या मांडल्या जातात. पण मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. म्हणजे चार महिन्यांचा संसार आहे हा. भजी किती वेळा तळणार?

जुलैच्या मध्यापर्यंत घरातली प्रत्येक गोष्ट थोडी थोडी ओली झालेली असते. मिठाच्या बरणीत गठ्ठे, पापड मऊ, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी, दाराची चौकट फुगून दार लागत नाही. कामावरून येणारा माणूस गुडघ्यापर्यंत भिजून येतो आणि लोकल उशिरा म्हणून तासभर उशिरा येतो. मुलांना खाली खेळायला जाता येत नाही, मग ती सोफ्यावर उड्या मारतात. यातली एकही गोष्ट मोठी नाही. पण यातल्या बहुतेक गोष्टी निस्तरायला घरातलं एकच माणूस असतं. वैतागलेल्या घरात आधी त्या माणसाकडे बघावं. ते सावरलं तर बाकीचे निम्मे सावरतात.

कपडे वाळत नाहीत, यावरून आमच्याकडे रोज भांडण होतं. काही उपाय?

हा प्रश्न किरकोळ नाही. मला विचारलं तर पावसाळ्यातल्या भांडणांचं मूळ निम्म्या घरांत दोरीवर लटकलेलं असतं.

आधी साध्या गोष्टी. मशीनमध्ये कपडे पिळण्याचा फेरा दोनदा लावा. पाच मिनिटं जादा जातात, पण वाळण्याचे कित्येक तास वाचतात. जीन्स आणि जाड टॉवेल जूनमध्येच बाजूला ठेवून पंचे काढा. आपल्या आजोबांना पंचा का प्रिय होता हे ऑगस्टमध्ये समजतं. झोपायच्या खोलीत दोऱ्या बांधू नका. कपड्यांतलं पाणी हवेतच येतं, भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला रात्री त्रास होतो. एकच खोली असेल तर निदान खिडकी किलकिली ठेवून पंखा कपड्यांवर लावा. शाळेचा गणवेश एकच असेल तर दुसरा घ्या. रात्री अकराला ओल्या पँटवर इस्त्री फिरवणाऱ्या बाईला कोणी 'काय गं चिडचिड करतेस' असं विचारू नये.

आता भांडणाचं. ते बहुधा कपड्यांवरून नसतंच, दोरी कोणाची यावरून असतं. एका माणसाने धुवायचं, वाळत घालायचं, सर आली की धावत जाऊन काढायचं, पुन्हा घालायचं आणि दुसऱ्याने 'माझा निळा शर्ट कुठेय' म्हणून विचारायचं. सर आली की कपडे कोण काढणार हे वारांप्रमाणे वाटून घ्या. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं, आणि आवडतंही.

आई म्हणते तिच्या गुडघ्याला पाऊस आधी कळतो. यात तथ्य आहे?

थोडं आहे. ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने जुनाट दुखणी असलेल्या लोकांनी मोबाइलवर रोज आपल्या वेदनेची नोंद केली आणि ती त्या दिवशीच्या हवामानाशी ताडून पाहिली गेली. २०१९ साली निष्कर्ष छापून आले: दमट हवा, हवेचा कमी दाब आणि वारा असलेल्या दिवशी दुखणं थोडं वाढतं. थोडंच, पण वाढतं. तेव्हा आईला वेड्यात काढू नका. पावसाळ्यात तिचं फिरणं बंद होतं आणि सांधे आखडतात, हेही दुखण्याचं कारण असतंच. इमारतीच्या जिन्याखाली, पार्किंगमध्ये, घरातल्या घरात वीस मिनिटं चालणं चालू राहिलं तर पाय आणि पारा दोन्ही ताळ्यावर राहतात.

मासेमारी बंद असते तेव्हा नवरा दोन महिने घरी असतो. त्या काळात आमचं अजिबात पटत नाही. असं का?

कोळीवाड्यातल्या कित्येक बायका हे हसत हसत सांगतात, पण त्रास खरा असतो. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात. एरवी दिवसचे दिवस समुद्रावर असणारा माणूस एकदम चोवीस तास घरात. कमाई थांबलेली, डिझेलची आणि जाळ्यांची देणी डोक्यावर. बाईचं काम मात्र थांबत नाही. मे महिन्यात उन्हात वाळवलेली सुकट आणि बोंबील ती याच दिवसांत बाजारात नेऊन विकते, म्हणजे घरातली रोकड तिच्या हातातून येते. घर कोणाच्या शब्दावर चालतं ते दोन महिन्यांपुरतं बदलतं, आणि तसं कोणी तोंडाने बोलत नाही.

ज्या घरांत या दिवसांत जाळी विणणं, इंजिन खोलणं, होडी रंगवणं ही कामं आखून केली जातात, तिथे कुरबुर कमी असते असं मी पाहिलं आहे. आणि पैशाचं बोलणं संध्याकाळी पिऊन झाल्यावर नको, सकाळी करा. नारळी पौर्णिमा झाली की घरातली हवा आपोआप निवळते, पण तोवरचे आठवडे काढायचे असतात.

उन्हाळ्यात घरात एवढी चिडचिड का होते?

मुख्य कारण रात्र. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरावं लागतं. खोलीच तापलेली असेल तर ते उतरत नाही. झोप लागते उशिरा, मोडते वारंवार, आणि सकाळी उठलेलं माणूस आधीच चिडलेलं असतं. असं सलग आठ रात्री झालं की घरातलं कोणीही आपल्या मूळ स्वभावाने वागत नसतं. एवढंच लक्षात ठेवलं तरी मे महिन्यातली बरीच भांडणं जूनवर ढकलता येतात.

विदर्भाचा उन्हाळा आणि कोकणाचा उन्हाळा वेगळा. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. घाम पटकन उडतो, म्हणून कूलर आणि वाळ्याच्या ताट्या उपयोगी पडतात. तिथे दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही हा अलिखित नियम असतो आणि नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस तर पडदे ओढून काढले जातात. भांडणाचा विषय ठरलेला: कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं. मुंबईत, रत्नागिरीत पारा ३४-३५ वरच असतो, पण हवेत आधीच एवढा ओलावा असतो की घाम अंगावरच राहतो आणि अंग निवत नाही. तिथे कूलर लावला तर खोली आणखी कोंदट होते. नागपूरचा पाहुणा दादरला येऊन 'एवढं काय गरम होतंय तुम्हाला' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यात जास्त वैतागलेला असतो.

आणि स्वयंपाकघर. गॅसची ज्योत फडफडते म्हणून तिथे पंखा बंद असतो. बाहेर ४२, ओट्यापाशी त्याहून जास्त, समोर तवा. चौथी पोळी फुगतेय तोवर बाहेरून आवाज येतो, 'आणखी एक गरम टाक गं.' पदराने कपाळ पुसून तीच पोळी वाढायला बाहेर यायचं, पंख्याखाली क्षणभर उभं राहायचं आणि परत आत. या बाईचा उन्हाळा आणि पंख्याखाली ताटावर बसलेल्याचा उन्हाळा एक नव्हे. मेमध्ये पोळ्या सकाळी आठच्या आत करून डब्यात भरा, दुपारी गार खा. दहीभात, कोशिंबीर, पन्हं, आमरस हे आपल्याकडे उगाच आलेलं नाही. गरम पोळीचा आग्रह असणाऱ्याने ओट्यापाशी उभं राहून स्वतः लाटावी.

सासूबाई पंखा बंद करतात, नवऱ्याला तो पाचवर लागतो. एसी किती अंशांवर ठेवावा?

भारतात २०२० पासून विकले जाणारे घरगुती एसी सुरू केल्यावर २४ अंशांवरच सुरू होतात. तो आकडा चांगला आहे. तिथून एखाद-दोन अंश वर नेऊन सोबत पंखा हळू ठेवला की बहुतेक घरांत तडजोड होते. वयाबरोबर कातडी पातळ होते, रक्ताभिसरण मंदावतं, म्हणून सासूबाईंना गारवा खरोखरच जास्त बोचतो. त्या मुद्दाम करत नाहीत. त्यांना झोताच्या वाटेतून हलवा, पायात मोजे द्या. पण वय झालं की तहानही कमी लागते. 'मला काही होत नाही' म्हणणारी म्हातारी माणसंच उन्हाळ्यात पाण्यावाचून सुकतात आणि मग गोंधळल्यासारखं बोलू लागतात. असं अचानक असंबद्ध बोलणं सुरू झालं तर तो स्वभाव किंवा वय समजून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टर गाठा.

मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत. उन्हाळ्यात वेगळी काळजी घ्यायची का?

हो, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. लिथियम हे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्या माणसाचा घाम फार गेला, पाणी कमी पडलं किंवा जेवणातलं मीठ एकदम तोडलं, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. हाताला कंप, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नये. काही मनोविकारांवरच्या गोळ्यांनी घाम कमी येतो किंवा अंगाला उकाडा सोसत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही जपावं. मार्च-एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या: उन्हाळ्यात डोस बदलायचा का, रक्त कधी तपासायचं, पाणी किती प्यायचं. आपल्या मनाने गोळी बंद करणं हा मात्र उपाय नाही.

मुलांची सुट्टी आली की आमच्या पोटात गोळा येतो. पूर्वी असं नव्हतं ना?

पूर्वी मुलं आजोळी जात. तिथे गच्चीवर पांढऱ्या धोतरावर कुरडया, सांडगे, पापड वाळत आणि कावळे हाकलायचं काम मुलांकडे असे. ओल्या कुरडईचा चीक खाऊन दुपार निघून जायची. आठवणीत ते फार रम्य वाटतं. पण तेव्हाही कोणीतरी पहाटे चारला उठून तो चीक घोटत होतं, आणि वीस माणसांचा स्वयंपाक मामीच करत होती. तिला विचारून पाहा मे महिना कसा जायचा.

आता आईवडील दोघं कामावर, आजोळ म्हणजे दुसरा फ्लॅट, आणि दुपारी बाहेर सोडण्याजोगी हवा नसते. दिवस उलटा करून बघा: खेळ सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर, दुपारी अंधार करून झोप किंवा वाचन. मोबाइल मिळणार असेल तर दुपारीच, रात्री नको, कारण रात्रीची झोप आधीच मोडकी असते. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा तिकडच्या पालकांनी जूनचाही बेत करून ठेवावा.

आईवडील ऊसतोडीला गेले की आजीकडे राहणारी मुलं गप्प होतात. शिक्षक म्हणून काय करावं?

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या शाळांत हे दरवर्षीचं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक 'कोयता', कारखान्यांकडे निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. इतरांच्या घरी थंडी म्हणजे हुरडा आणि डिंकाचे लाडू. या मुलांच्या घरी थंडी म्हणजे आई नसणं. ऋतूचा कुटुंबावर परिणाम याहून उघड कुठे दिसायचा?

गप्प होणं हे नेहमी दुःखच असतं असं नाही. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांची वेणीफणी, आंघोळ, आजीचा चहा असं सगळं उरकून शाळेत येते. ती दमलेली असते. गृहपाठ झाला नाही म्हणून उभं करण्याआधी सकाळी काय काय केलंस एवढं विचारा. आईवडील जाण्याच्या आदल्या आठवड्यात मुलं जास्त मारामारी करतात आणि ते परतल्यावर काही दिवस त्यांच्याजवळ जात नाहीत, हे दोन्ही होऊ शकतं. परतलेल्या आईला ते फार लागतं. तिला आधी सांगून ठेवा की हा रुसवा आहे, पोर परकं झालेलं नाही. हंगामी वसतिगृहाची सोय गावात असेल तर घरच्यांना ती वेळेत कळू द्या, कारण निर्णय दिवाळीआधी व्हावा लागतो. फोनचं म्हणाल तर अधूनमधून तासभर बोलण्यापेक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पाच मिनिटं बरी. तोडकऱ्यांचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो, रात्री ते गाडी भरत असतात. वेळ त्यांनाच ठरवू द्या.

पाऊस लांबला की बाबा कोणाशी बोलत नाहीत. आम्ही काय करायचं?

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी चालली, बियाणं मातीत जाऊन करपलं आणि दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे, हे डोक्यात चालू असलेला माणूस आभाळाकडे बघत बसतो. हा हवामानाचा 'मूड' नाही, हा हिशेब आहे. त्याला 'टेन्शन घेऊ नका' म्हणणं निरुपयोगी. हिशेबात सामील व्हा: कर्ज किती, कोणाचं, विमा भरलाय का, दुबार पेरणी करायची तर कोणतं पीक. आकडे कागदावर उतरले की निदान ते एकट्याच्या डोक्यात राहत नाहीत.

दुष्काळात घराचा सगळा दिवस पाण्याभोवती फिरतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. त्या उन्हाळ्यात टँकर कधी येईल यावर माणसांची झोप ठरत होती आणि आंघोळीला किती तांबे घेतले यावरून सख्ख्या जावांत अबोला धरला जात होता. बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटतं. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घरात तसं वाटत नाही.

आता महत्त्वाचं. वडील जेवेनासे झाले, रात्र रात्र जागे राहू लागले, 'माझ्यामागे तुमचं कसं' अशी भाषा आली, देणीघेणी अचानक समजावून सांगू लागले, तर त्यांना एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. स्पष्ट विचारा, 'जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'टेली मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सण ऋतूंशी जोडलेले आहेत. त्यांनी मन सांभाळलं जातं का?

जातं, पण कोणाचं ते बघा. आषाढात बाहेर काळोख असताना दिव्याची अवस, तळणीचे पदार्थ, नव्या लेकीचं आखाडाला माहेरी येणं. श्रावणात मंगळागौरीची रात्रभर चालणारी फुगडी. ज्या काळात माणूस घरात कोंडलं जातं त्याच काळात चार माणसांत मिसळायची सोय करून ठेवलेली दिसते. थंडीत भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मग तिळगूळ घेऊन शेजाऱ्यांकडे जाणं. भांडलेल्या भावकीला एकमेकांच्या दारात जायला निमित्त हवंच असतं.

पण श्रावणात रोज एक नैवेद्य आणि दर सोमवारी, शनिवारी वेगळा उपास म्हटलं तर चुलीपुढचं माणूस उत्सवात नसतंच. पुरण वाटून ज्यांचे हात दुखतात त्यांच्या मनःशांतीबद्दल सणांच्या कौतुकात फारसं कोणी लिहीत नाही. मंगळागौर जरूर खेळा, जेवण बाहेरून मागवा. देवीचा कोप होत नाही.

ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा मेसारखं का होतं?

पाऊस परततो, आभाळ मोकळं होतं, जमिनीत ओल असते, वारा पडतो. उकाडा आणि चिकचिक दोन्ही एकदम. त्यात सहामाही परीक्षा आणि दिवाळीची साफसफाई. माळे काढायचे ते नोव्हेंबरच्या गारव्यात काढा, किंवा काढूच नका. जाळी दिवाळीनंतरही तिथेच असतात.

हिवाळ्यात तरी सगळे खुशीत असतात ना?

आपल्याकडे बहुतेक हो. मुंबईत सगळ्यात लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो, ऊन स्वच्छ असतं, झोप चांगली लागते, भूक लागते. वर्षभर पुढे ढकललेला अवघड विषय घरात काढायचा असेल तर जानेवारीच्या रविवारची सकाळ बघा.

अपवाद आहेत. दम्याच्या, सांध्यांच्या रुग्णांना हे दिवस जड जातात. आणि निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला पारा घसरल्याची बातमी आनंदाची नसते. रात्री बागेत शेकोट्या पेटवून तो जागतो, आणि सकाळी त्याच्या घरी गुलाबी थंडीचं कौतुक करणारा पाहुणा कोणाला नको असतो.

मुलगी लंडनला आहे. नोव्हेंबर लागला की फोनवर तुटक बोलते, रडवेली असते. घरची आठवण येते की आणखी काही?

दोन्ही असू शकतं. आपण ११ तासांच्या दिवसाला 'लहान' म्हणतो. लंडनमध्ये डिसेंबरअखेर दिवस आठ तासांचाही नसतो. चारच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे संध्याकाळ एकदम अंगावर येते, आणि दिवाळी बहुधा याच सुमारास असते. तुम्ही रात्री साडेनऊला, घर भरलेलं असताना व्हिडिओ कॉल लावता तेव्हा तिच्याकडे दुपारचे चार वाजलेले असतात आणि खिडकीबाहेर काळोख पडत असतो.

दरवर्षी ठरावीक ऋतूत येणाऱ्या या नैराश्याचं नीट वर्णन १९८४ साली अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. यात झोप वाढते, गोड आणि पिठूळ खायची वासना होते, वजन वाढतं, माणसं नकोशी होतात, आणि वसंत आला की हळूहळू उतरतं. सकाळी उठल्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर वीस-तीस मिनिटं बसण्याचा उपचार त्यावर केला जातो. दिव्याकडे टक लावून पाहायचं नसतं, समोर ठेवून चहा प्यायचा. डोळ्यांचा विकार असेल किंवा कधी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालणं हाही खरा उपाय आहे. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला दिला जातो, तो तिने पाळावा. पण ती हाडांची सोय आहे, नैराश्याचं औषध नव्हे.

तुमच्याकडून एक करा. 'आमच्याकडे काय छान ऊन पडलंय' हे दर फोनला सांगू नका. तिची शनिवारची सकाळ असेल तेव्हा फोन लावा आणि बोलता बोलता तिला बाहेर चालायला काढा.

हे ऋतूचं आहे की आजाराचं, हे कसं ओळखायचं? नोंद कशी ठेवायची?

उदासी किंवा कशातच गोडी नसणं दोन आठवडे रोज टिकलं, आणि झोप, भूक, काम यांपैकी काही बिघडलं, तर बाहेर कोणता ऋतू आहे याचा विचार न करता डॉक्टरांकडे जावं. हवा बदलली की बरं वाटेल म्हणून थांबू नये. याउलट, कोणी अचानक फार कमी झोपून उत्साहात वाहू लागलं, उधळपट्टी करू लागलं, तर तेही दाखवण्यासारखंच आहे. काही जणांत हे उन्हाळ्याच्या तोंडावर होतं.

नोंदीसाठी वेगळी वही नको, ती चार दिवसांत हरवते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा आणि कामवाल्या ताईंचा खाडा मांडता तिथेच एक अक्षर लिहा: झोप बरी झाली तर 'झ', मोडली तर त्यावर काट. भांडण झालं तर एक टिंब. कोणाची चूक ते लिहायचं नाही. वर्षभराने जुनी पानं टाकण्याआधी मे आणि ऑगस्ट उलटून बघा, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर त्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.